जो आता ‘हे काढून टाक’ म्हणू शकत नाही: दिवंगत रॅपरवर माहितीपट कसा करावा

दिवंगत रॅपरवरच्या माहितीपटाची सुरुवात न पाहताही सांगता येते. रात्रीचा रस्ता, पोलिसांच्या गाडीचे फिरते दिवे, बातमी वाचणारा आवाज, मग काळा पडदा आणि नाव. अमेरिकन रॅपर टुपाक शकूर २५ वर्षं जगला. लास वेगासमध्ये ७ सप्टेंबर १९९६ ला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १३ सप्टेंबरला तो गेला. पण त्याच्याबद्दल काही पाहायला बसलं की त्या सहा दिवसांपासून सुटका होत नाही, आधीची २५ वर्षं जणू प्रस्तावना.

जिवंत कलाकारावर माहितीपट करताना एक मोठी सोय असते, ती म्हणजे तो भांडतो. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या रॅप गटावरचा माहितीपट २०११ मध्ये आला तेव्हा गटातल्या क्यू-टिपने त्याबद्दलची नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. दिग्दर्शकाला तेव्हा त्रास झाला असेल, पण प्रेक्षकाला कळलं की या गोष्टीला दुसरी बाजू आहे. त्याच गटातला फाइफ डॉग २०१६ मध्ये गेला. आज कुणी त्याच्यावर माहितीपट केला तर ‘हे असं नव्हतं, हे काढून टाक’ म्हणायला तो नाही. म्हणून खाली जे टप्पे दिले आहेत, त्या प्रत्येकात त्याच्या वतीने भांडणारं काहीतरी आधीच बसवून ठेवायचं आहे. कधी तो कागद असेल, कधी माणूस, कधी फक्त एखादा नियम.

१. एक वाक्य लिहा, त्यात मृत्यू नको

कॅमेरा, पैसे, परवानग्या यांच्या आधी एक वाक्य लिहायचं: हा माहितीपट कशाबद्दल आहे? वाक्य लिहून झालं की त्यातून ‘खून’, ‘ओव्हरडोस’, ‘अकाली’ हे शब्द खोडा. काही उरलं तर पुढे जा. काहीच उरलं नाही तर तुमच्याकडे विषय नाही, फक्त बातमी आहे.

नोटोरियस बी.आय.जी. म्हणजे रॅपर क्रिस्टोफर वॉलेस, ज्याला सगळे बिगी म्हणतात, त्याच्यावर दोन अगदी वेगळ्या जातीचे माहितीपट आहेत. निक ब्रूमफिल्डचा २००२ चा माहितीपट टुपाक आणि बिगी या दोघांच्या खुनांचा माग काढतो. एमेट मॅलॉयचा २०२१ चा माहितीपट ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या एका पोराकडे पाहतो: जमैकाहून आलेली आई, आईच्या माहेरी घालवलेल्या सुट्ट्या, आणि शेजारी राहणारा जॅझ सॅक्सोफोनवादक डोनल्ड हॅरिसन. हा हॅरिसन सांगतो की त्याने या मुलाला बीबॉप जॅझमधली ड्रमची बोलण्याची ढब ऐकायला लावली, आणि मग मॅक्स रोचचं ड्रमवादन व बिगीच्या शब्दांची फेक शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. माझ्या मते खुनाच्या तपासाच्या दहा तासांपेक्षा ही दोन मिनिटं त्या माणसाबद्दल जास्त सांगून जातात.

तपासाचा माहितीपट वाईट नसतो, पण तो वेगळा धंदा आहे. त्याला वकील लागतो, कागदपत्रं लागतात आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. टुपाकच्या खुनात पहिली अटक झाली ती सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी. अटक झालेल्या ड्वेन डेव्हिसने त्या रात्रीबद्दल आधीच मुलाखतींतून आणि स्वतःच्या पुस्तकातून बरंच बोलून ठेवलं होतं. तुमच्या कॅमेऱ्यासमोर कुणी सहज बोललेलं वाक्य उद्या न्यायालयात वाजू शकतं, हे लक्षात ठेवूनच या वाटेला जावं. दोन्ही एकाच माहितीपटात कोंबायचा मोह होतो. तसं केलं की खून जिंकतो, दरवेळी.

२. आधी ऐकून काढा, सगळं

मुलाखतीची पहिली वेळ ठरवण्याआधी त्याचं सगळं ध्वनिमुद्रित काम ऐकायचं. अल्बम तर आलेच. त्यांच्याशिवाय मिक्सटेप, रेडिओवरचे फ्रीस्टाइल (जागेवर केलेलं रॅप), दुसऱ्यांच्या गाण्यांतल्या त्याच्या ओळी, मैफलींची खराब रेकॉर्डिंगही. एक तक्ता करा: गाणं कधी रेकॉर्ड झालं, तेव्हा त्याचं वय काय, कुठल्या स्टुडिओत, बीट (शब्दांखालचं संगीत) कुणी केली, त्यात कशाचा सॅम्पल (जुन्या गाण्यातून उचललेला तुकडा) आहे, कोणाची नावं घेतली आहेत. हा तक्ता पुढे चार ठिकाणी कामाला येतो. मुलाखतीचे प्रश्न, जुन्या फुटेजची तारीख, हक्कांची यादी आणि संकलन.

यात एक खोच आहे. क्रम लावताना प्रकाशनाची तारीख नाही, रेकॉर्डिंगची तारीख धरायची. टुपाकच्या हयातीत चार स्टुडिओ अल्बम आले. त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या अल्बमांची संख्या त्याहून जास्त आहे. २००४ मध्ये त्याच्या नावाने आलेल्या अल्बमचं संगीत-निर्माण एमिनेमने केलं. म्हणजे आवाज १९९० च्या दशकातल्या टुपाकचा आणि त्याखालची बीट त्याने आयुष्यात न ऐकलेली. असं गाणं वापरायला हरकत नाही, पण ‘तो तेव्हा असा विचार करत होता’ हे दाखवण्यासाठी वापरलं तर ती फसवणूक आहे. तक्त्यात मरणोत्तर कामाला वेगळा रंग द्या आणि तो रंग संकलनाच्या टेबलापर्यंत तसाच ठेवा.

दुसरी खोच जास्त अवघड. रॅपमधला ‘मी’ म्हणजे तो माणूस नव्हे. त्यात बढाई असते, पात्र असतं, गल्लीतल्या दुसऱ्याची गोष्ट स्वतःच्या तोंडून सांगणं असतं. अमेरिकेत रॅपच्या ओळी आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात मांडल्या जाऊ लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये त्याला आळा घालणारा कायदा केला. १ जानेवारी २०२३ पासून तो लागू आहे. न्यायाधीशाला जी सावधगिरी सांगावी लागली ती दिग्दर्शकाने आपणहून पाळावी. ओळीतला प्रसंग खराच घडला असं दाखवायचं असेल तर त्याला गाण्याबाहेरचा एक तरी आधार हवा: पत्र, शाळेचा दाखला, कुणाची तरी स्वतंत्र आठवण. आधार नसेल तर ती ओळ गाणं म्हणून येऊ द्या, साक्ष म्हणून नको.

रॅपर एमएफ डूमचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. डॅनियल डूमिले हा माणूस धातूचा मुखवटा घालून वावरला आणि स्वतःबद्दल तिसऱ्या पुरुषात बोलला. तो ३१ ऑक्टोबर २०२० ला गेला आणि जगाला कळलं ३१ डिसेंबरला. ज्याने चेहरा लपवणं हाच आपल्या कलेचा भाग केला, त्याचे लहानपणीचे फोटो पडद्यावर भरभरून लावायचे की नाही, हा त्याच्यावर माहितीपट करणाऱ्यासमोरचा पहिलाच प्रश्न आहे. आणि तो ऐकताऐकताच सुटला तर सुटतो.

३. घरच्यांशी करार, पहिल्या शॉटच्या आधी

बहुतेक नवखे इथेच गोंधळतात. घरच्यांनी चहा दिला, फोटोंची पेटी उघडली, आई रडली. आता कागद कुठे पुढे करायचा? पण कागद तेव्हाच पुढे करायचा, रडण्याच्याही आधी.

घरच्यांचा सहभाग तीन प्रकारचा असू शकतो. एक, ते निर्मितीतच असतात. टुपाकवरच्या २००३ च्या लॉरेन लेझिन दिग्दर्शित माहितीपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत त्याची आई अफेनी शकूर होती. यात दारं उघडतात, हक्क मिळतात, आणि काही खोल्या कायमच्या बंद राहण्याचा धोकाही असतो. दोन, ते मदत करतात पण शेवटचा कट तुमचा. तीन, त्यांना माहितीपट नकोच असतो.

पहिल्या प्रकारातही सरळपणा ठेवता येतो. एक्सएक्सएक्सटेन्टासिऑन २०१८ मध्ये फ्लोरिडात गोळीबारात मारला गेला, वय २०. सबाह फोलायानने केलेला त्याच्यावरचा २०२२ चा माहितीपट घरच्यांच्या सहकार्याने झाला. तरी ज्या मुलीने त्याच्यावर मारहाणीचे आरोप केले होते तिला त्यात बोलायला जागा आहे. हे आपोआप होत नाही, ते आधी बोलून घ्यावं लागतं. कराराच्या पहिल्याच बैठकीत विचारा: ‘ज्यांना त्याने दुखावलं त्यांच्याशी मी बोलणार आहे. चालेल?’ उत्तर ‘नाही’ आलं तर ते सहा महिन्यांनी येण्यापेक्षा त्याच दिवशी आलेलं बरं.

तिसऱ्या प्रकाराचं अलीकडचं उदाहरण म्हणजे सिद्धू मूसेवाला. पंजाबातल्या मानसा जिल्ह्यात २९ मे २०२२ ला त्याचा खून झाला. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने त्या खुनावरचा दोन भागांचा माहितीपट ११ जून २०२५ ला, म्हणजे त्याच्या वाढदिवशी, यूट्यूबवर टाकला. त्याच्या वडिलांनी आधीच विरोध केला होता आणि ते मानसाच्या न्यायालयात गेले होते. पत्रकारितेला घरच्यांची परवानगी लागतेच असं नाही, आणि लागूही नये. पण परवानगीशिवाय जाणार असाल तर प्रत्येक दाव्यामागे कागद हवा, घरच्यांना उत्तर द्यायची लेखी संधी हवी, आणि प्रदर्शनाची तारीख निवडताना ती कुणाच्या घरात कसली तारीख आहे हेही पाहायला हवं.

करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. घरचे रफ कट, म्हणजे माहितीपटाची पहिली कच्ची जुळणी, पाहतील आणि तथ्याच्या चुका लेखी दाखवतील. चूक सिद्ध झाली तर बदल होईल. मत पटलं नाही म्हणून बदल होणार नाही. शेवटचा निर्णय दिग्दर्शकाचा. मुलाखतीचे पैसे देऊ नयेत, कारण विकत घेतलेली आठवण हळूहळू गिऱ्हाइकाला आवडेल तशी होत जाते. फोटो, पत्रं, टेप वापरण्याचं मानधन मात्र द्यावं, वेगळ्या कागदावर, वेगळ्या हिशोबात.

मृताच्या नावाचे आणि चेहऱ्याचे हक्क देशागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात ते मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतात, न्यूयॉर्कच्या २०२१ पासूनच्या कायद्यात ४० वर्षं. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या प्रकरणात म्हटलं की असे हक्क वारसाने मिळत नाहीत. माहितीपटांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, पण पोस्टर आणि टी-शर्ट यांना ती असेलच असं नाही. एकदा वकिलाला विचारा, आणि विचारलेलं लिहून घ्या.

४. पेट्या, टेपा, जुने फोन

या कामाचा खरा जीव इथे आहे. रॅपरच्या आसपास नेहमी कुणीतरी कॅमेरा घेऊन फिरत असतं, कारण प्रसिद्ध व्हायच्या आधीच ही मंडळी प्रसिद्ध झाल्यासारखी वागत असतात. बिगीवरच्या २०२१ च्या माहितीपटाचा कणा म्हणजे त्याच्या मित्राने, डॅमियन बटलरने, हाती कॅमेरा घेऊन केलेलं चित्रण. हॉटेलच्या खोल्या, गाडीतली टवाळी, दाढी करताना गुणगुणणं. असं फुटेज कंपनीकडे नसतं, मित्राच्या माळ्यावर असतं.

आणि सगळंच फुटेज असायला हवं असंही नाही. लिल पीप २०१७ मध्ये वयाच्या २१ व्या वर्षी गेला. त्याचे आजोबा जॉन वोमॅक हे हार्वर्डचे इतिहासकार. त्यांनी नातवाला लिहिलेली पत्रं २०१९ च्या माहितीपटात ऐकू येतात. गोंदवलेला चेहरा, धुरकट मैफली, आणि त्यावर म्हाताऱ्या माणसाचा शांत, मायेचा आवाज. माहितीपटाला निवेदक हवा होता, तो घरातच पत्रं लिहीत बसला होता. म्हणून पेटी उघडली की आधी कागद पाहा.

टेप हातात आली की:

ती लगेच मशीनमध्ये घालू नका. आधी पुनर्लेखन रोखणारी कळ सरकवा किंवा खाच तोडा. पांढरी बुरशी दिसली तर ती टेप तज्ज्ञाकडेच जाईल, तुमच्या प्लेअरमध्ये नाही. एका बुरशीच्या टेपने प्लेअरचं हेड घाण होतं आणि मग पुढच्या चांगल्या टेपाही बिघडतात. व्हीएचएस, हाय-एट, मिनी-डीव्ही यांचं रूपांतर टेपेच्या लांबीइतकाच वेळ खातं. चाळीस तासांच्या टेपा म्हणजे चाळीस तास, वर अडकणं-सोडवणं. वेळापत्रकात तो वेळ खरा धरा.

अमेरिकेतली जुनी व्हिडिओ टेप सेकंदाला २९.९७ चौकटींची, युरोप आणि भारतातली २५ ची. दोन्ही एकाच टाइमलाइनवर येणार असतील तर कुठल्या वेगाने माहितीपट बांधायचा हे पहिल्या दिवशी ठरवा; नंतर बदललं की रॅपरचे ओठ आणि शब्द हुकतात, आणि रॅपमध्ये ते लगेच दिसतं. चार-तीनची जुनी चौकट तशीच ठेवा, बाजूच्या काळ्या पट्ट्यांना घाबरू नका. चित्र ‘स्वच्छ’ करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांपासून जपून राहा. ती धूसर चेहऱ्यावर नवे डोळे-नाक बसवतात. मेलेल्या माणसाचा चेहरा यंत्राच्या अंदाजाने भरून काढणं मला तरी पटत नाही.

प्रत्येक फाइलसमोर नोंद हवी: चित्रण कुणी केलं, कधी, टेप कुणाकडून आली, हक्क कुणाचा. टेप ज्याच्या घरात आहे तो मालक नसतो. साधारणपणे हक्क चित्रण करणाऱ्याचा, फोटोचा हक्क फोटोग्राफरचा. आईकडच्या अल्बममध्ये असलेला सुंदर फोटो एखाद्या मासिकाच्या फोटोग्राफरचा निघाला, तर आईची सही कामाची नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या घरात. हा नियम कंटाळवाणा आहे आणि हार्डडिस्क पडेपर्यंत कुणी पाळत नाही.

सरकारी कागदही शोधा. अमेरिकेची तपास संस्था एफबीआयने बिगी आणि ओल’ डर्टी बास्टर्ड या रॅपरांच्या फायली आपल्या संकेतस्थळावर खुल्या केल्या आहेत, अर्थात काळ्या पट्ट्यांसह. पण फाइलमध्ये असतं ते कुणीतरी पोलिसाला सांगितलेलं. ते घडलंच, असा अर्थ नाही. शवविच्छेदनाचा अहवाल मिळतो म्हणून पडद्यावर दाखवायलाच हवा असंही नाही.

५. मुलाखती, बाहेरून आत

आईला सर्वांत आधी भेटा आणि सर्वांत शेवटी चित्रित करा. मधल्या काळात बाहेरच्या वर्तुळापासून सुरू करा: शाळेतले शिक्षक, शेजारी, पहिल्या कार्यक्रमाचा आयोजक. मग बीट करणारे, मग जिवलग, मग घर. आईसमोर बसाल तेव्हा तुमच्याकडे तिला माहीत नसलेली एखादी चांगली आठवण असायला हवी. घेण्याआधी काही द्यावं.

साक्षीदारांत सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित असतो तो स्टुडिओतला रेकॉर्डिंग इंजिनियर. तो कुणाचा नातलग नाही, स्वतः तारा नाही, आणि त्याने त्या माणसाला चुकताना ऐकलं आहे. त्याला खुर्चीत बसवून गप्पा मारू नका. मिक्सिंग कन्सोलसमोर बसवा, मूळ सेशन (गाण्याच्या सुट्या ध्वनिपट्ट्यांची फाइल) उघडा, बीट बंद करा आणि नुसता आवाज वाजवा. श्वास कुठे घेतला, ओळ दुसऱ्यांदा का म्हटली, कागदावरून वाचत होता की डोक्यातून. इंजिनियर आपोआप बोलायला लागतो. रॅपरचं कसब दाखवायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. यासाठी सेशनच्या मालकाची परवानगी आधीच घ्या.

दोन माइक लावा, एक कपड्यावरचा आणि एक वरून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घ्या. मागे त्याचं गाणं चालू ठेवून मुलाखत घेऊ नका. वातावरण छान होतं, पण मग एकही वाक्य कापता येत नाही आणि हक्कांचं बिल वेगळंच.

प्रश्न ठोस हवेत. ‘तो कसा होता?’ या प्रश्नाला लोक श्रद्धांजली वाहतात. ‘तुमच्याकडे आला की कुठे बसायचा? बूट काढायचा का? वही कुठल्या खिशात असायची?’ याला उत्तरं मिळतात. जवळच्या मित्रांनी शेवटच्या रात्रीची गोष्ट वीस वेळा सांगितलेली असते, आणि ती घासून गुळगुळीत झालेली असते. त्यांना ती पूर्ण सांगू द्या, मध्ये बोलू नका, मग चहा प्या, आणि अर्ध्या तासाने त्या दिवसाच्या सकाळबद्दल विचारा. सकाळची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितलेली नसते.

अमली पदार्थांमुळे गेलेल्यांबाबत आणखी एक भार असतो. ज्यूस वर्ल्ड डिसेंबर २०१९ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर कोसळला, वय २१. टॉमी ऑलिव्हरने २०२१ मध्ये केलेला माहितीपट त्याच्या सोबतच्या कॅमेरामनांच्या चित्रणावर उभा आहे. एका क्षणी तो कसलीही तयारी न करता मिनिटामागून मिनिट रॅप करतो आणि दुसऱ्या क्षणी गोळ्या घेताना दिसतो. आजूबाजूचे लोक तिथेच आहेत. अशा मित्राची मुलाखत घेताना तो साक्षीदारही असतो आणि मनातल्या मनात आरोपीही. त्याला कोंडीत पकडून रडवणं सोपं आहे. त्याआधी त्याला सांगा की हवं तेव्हा कॅमेरा बंद होईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला एखादं उत्तर मागे घेता येईल. पदार्थाचं नाव एकदा पुरे; प्रमाण, मिश्रण, पद्धत यांची काहीही गरज नाही. आत्महत्येबाबत तर हे अधिकच कडकपणे पाळावं.

६. संगीताचे हक्क: इथे माहितीपट बुडतात

एका गाण्याचे दोन हक्क असतात. रचनेचा, म्हणजे शब्द आणि संगीताचा. आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, ज्याला मास्टर म्हणतात. दोन्ही वेगवेगळ्या लोकांकडे असतात आणि चित्रासोबत वापरायला दोन्हींची लेखी परवानगी लागते. रॅपमध्ये याच्या खाली तळघर असतं: सॅम्पल. बीट करणाऱ्याचा वाटा, सॅम्पल केलेल्या जुन्या गाण्याच्या रचनाकारांचा वाटा, त्या जुन्या रेकॉर्डिंगच्या कंपनीचा वाटा. तीन मिनिटांच्या गाण्याला आठ-दहा सह्या लागल्या तर नवल वाटून घेऊ नका.

हा कडकपणा आला तो एका रॅपरच्याच खटल्याने. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्कीने परवानगीशिवाय वापरलेल्या सॅम्पलविरुद्ध निकाल दिला. निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने होती. गड्याने पुढच्या अल्बमचं नावच ‘सगळे सॅम्पल परवानगीचे’ अशा अर्थाचं ठेवलं. आणि जुनी पापं किती वर्षांनी उगवतात पाहा: बिगीचा पहिला अल्बम १९९४ चा, त्यातल्या विनापरवाना सॅम्पलवरून त्याची विक्री थांबवण्याचा आदेश निघाला २००६ मध्ये, तो जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

म्हणून क्रम असा ठेवा. रफ कट होताच त्यात वाजणाऱ्या प्रत्येक आवाजाची यादी करा. सेकंदांसह, आणि मागच्या रेडिओत पुसट ऐकू येणारं गाणंही. प्रत्येकासमोर तीन पर्याय लिहा: हवंच, बदलता येईल, काढता येईल. ‘हवंच’ पाचापेक्षा जास्त झाली तर पुन्हा बसा. मग दर मागवा. पैसे कमी असतील तर आधी फक्त महोत्सवांपुरती परवानगी घ्या आणि त्याच कागदावर पुढच्या प्रदर्शनाचा दर आजच लिहून घ्या. माहितीपट गाजल्यावर दर विचारायला जाणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी हॉल शोधणं. हक्कदार बहुधा ‘इतर कुणाला जास्त दिलेत तर मलाही तेवढेच’ अशी अट घालतात. ती मान्य करा, पण मग एकालाही गुपचूप जास्त देऊ नका.

टीका किंवा विश्लेषणासाठी थोडा अंश परवानगीशिवाय वापरायची सोय अमेरिकेत आणि भारतात, दोन्हीकडे कायद्यात आहे, निकष वेगवेगळे. त्या आधारावर जायचं तर त्या सेकंदांत पडद्यावर खरंच विश्लेषण चालू असलं पाहिजे. इंजिनियर ओळीतला श्वास दाखवतोय, हे विश्लेषण. गाडी चाललीय आणि मागे गाणं वाजतंय, ही सजावट. याला वकिलाचं लेखी मत जोडा, नाहीतर हक्कांच्या दाव्यांपासून वाचवणारा विमा मिळत नाही आणि विम्याशिवाय मोठे प्रदर्शक दार उघडत नाहीत.

रेडिओवरचे फ्रीस्टाइल स्वस्त पडतील असं वाटतं. उलट असतं: आवाज याचा, बीट भलत्याच प्रसिद्ध गाण्याची, रेकॉर्डिंग रेडिओ केंद्राचं. आणि ‘त्याच्यासारखी’ बीट भाड्याने करून घेऊ नका. ऐकणाऱ्यांना कळतं. त्यापेक्षा त्याच्या मित्राला ओळी नुसत्या म्हणू द्या, किंवा शांतता ठेवा. शब्दांची परवानगी तेव्हाही लागेल, पण मास्टरचा खर्च तरी वाचतो.

७. संकलन

सगळ्या मुलाखती शब्दशः उतरवून कागदावर कापा, संगणकावर नंतर. मृत्यू कुठे ठेवायचा हा एकच प्रश्न रचना ठरवतो. सुरुवातीला ठेवला तर पुढचं सगळं त्याच्या सावलीत जातं. शेवटी ठेवला तर प्रेक्षक वाट पाहत बसतो, कारण त्याला शेवट माहीत असतो. तिसरी वाट म्हणजे आयुष्याचा छोटा तुकडा घेणं. डीएमएक्सवरचा २०२१ चा माहितीपट जानेवारी २०१९ मध्ये तो तुरुंगातून सुटल्यानंतरच्या वर्षभराभोवतीच फिरतो. माणूस मुलांमध्ये, चाहत्यांमध्ये, स्वतःशी झगडताना दिसतो. एप्रिल २०२१ मध्ये तो जाणार आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. एवढं पुरतं. कमी पैशात काम करणाऱ्यांना मी हीच वाट सुचवेन.

त्याच्याच आवाजात निवेदन हवं असेल तर टुपाकवरचा २००३ चा माहितीपट पाहा. तो जुन्या मुलाखती जोडून पूर्णपणे त्याच्याच तोंडून सांगितला आहे. हे जमवताना एक नियम भिंतीवर चिकटवा: दोन मुलाखतींतले शब्द जोडून तिसरं वाक्य तयार करायचं नाही. वाक्य छोटं करता येईल, त्याचा अर्थ फिरवता येणार नाही. वेगवेगळ्या वर्षांतली वाक्यं शेजारी आली तर पडद्यावर वर्ष लिहा, कारण एकोणिसाव्या आणि पंचविसाव्या वर्षीचा माणूस एक नसतो.

कृत्रिम आवाज नकोच. २०२१ मध्ये अँथनी बोर्डेन या शेफवरच्या माहितीपटात त्याने लिहिलेल्या काही ओळी यंत्राने बनवलेल्या त्याच्या आवाजात वापरल्याचं दिग्दर्शकाने सांगितलं, तेव्हा माहितीपटापेक्षा वाद मोठा झाला. २०२४ मध्ये ड्रेकने आपल्या गाण्यात टुपाकचा कृत्रिम आवाज वापरला. टुपाकच्या वारसांच्या वकिलांनी नोटीस पाठवली आणि गाणं उतरवावं लागलं. पण नोटिशीची भीती हे कारण दुय्यम आहे. रॅपरची सगळी कमाई म्हणजे त्याचा आवाज. तो नसताना त्याच्या तोंडी आवाज घालायचा, तर मग माहितीपट कोणाचा?

ज्या प्रसंगाचं चित्रण नाही तिथे नटांकडून पुनर्निर्मिती करण्याऐवजी उघडपणे खोटं वाटेल असं काहीतरी वापरा: चित्र, ॲनिमेशन. बिझ मार्कीवरच्या २०२३ च्या माहितीपटात बाहुली वापरली आहे, आणि त्या माणसाच्या विनोदी स्वभावाला ती शोभते.

सबटायटल देताना ओळ तोडायची ती रॅपच्या मात्रेवर, वाक्याच्या व्याकरणावर नाही. अनुवादात यमक जुळवायच्या मागे लागू नका. अर्थ द्या, यमक कानाला ऐकू येतंच.

८. तीन माणसांना दाखवा

कट पक्का करण्याआधी तो तिघांना वेगवेगळा दाखवायचा. एक, ज्याने त्याच्यावर जीव लावला. दोन, ज्याला त्याने दुखावलं किंवा ज्याचे पैसे बुडवले. तीन, ज्याला रॅप म्हणजे काय हे माहीत नाही. पहिला जिथे अवघडतो आणि दुसरा जिथे मान डोलावतो त्या जागा तपासा. तिसरा कुठे मोबाइल काढतो ते लिहून ठेवा. तिथे बहुतेक वेळा तुम्ही प्रसिद्ध लोकांना एकामागून एक ‘तो महान होता’ म्हणायला लावलेलं असतं. ते सगळं काढा. एक ठेवा, कुणाला वाईट वाटू नये म्हणून.

प्रदर्शनाच्या आधी आईला माहितीपट तिच्या घरी किंवा छोट्या सभागृहात दाखवा, गर्दीच्या प्रीमियरला पहिल्यांदा नको. आवाज आधी तपासून ठेवा. कुठल्या मिनिटाला मृत्यूचा प्रसंग येतो हे तिला आधीच सांगा, म्हणजे तिला बाहेर जायचं असेल तर जाता येईल. टेपा मूळ पेटीत, मूळ क्रमाने परत करा, सोबत रूपांतरित केलेल्या सगळ्या फाइलींची हार्डडिस्क आणि ती कशी उघडायची याचा एक कागद. जे फुटेज माहितीपटात घेतलं नाही तेही त्यात असू द्या. तिला बहुधा तेच जास्त पाहायचं असतं: दाढी करताना गुणगुणणारा, काहीच विशेष न करणारा मुलगा.